इंदूर–मुंबई ५०६ किलोमीटर, मग तिकिटावर एक तास वीस मिनिटे का?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सुट्यांचा हंगाम जवळ आला की वर्तमानपत्रांतून इंदूरहून सुटणाऱ्या विमानांची कोष्टके छापून येतात. त्यांत इंदूर–मुंबई अंतर कुठे ५०६ असते, कुठे ५९०, कुठे ८२९ आणि कुठे नुसतेच २७३. गंमत म्हणजे चारही आकडे खरे आहेत. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ ते मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ हे सरळ रेषेतले अंतर ५०६ किलोमीटर. सेंधवा, धुळे, नाशिक असे रस्त्याने गेले तर ते ५९० च्या आसपास भरते. ८२९ हे अवंतिका एक्सप्रेसचे, कारण ती उज्जैन, रतलाम, दाहोद, गोध्रा, बडोदा, सुरत असा सगळा गुजरात हिंडून मुंबई सेंट्रलला पोचते. इंदूर–मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो होईपर्यंत रेल्वेचा वळसा चुकत नाही. राहिले २७३. ते ५०६ किलोमीटरचेच नॉटिकल मैल आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. कोष्टक लावणारा त्यापुढे नुसते ‘मैल’ छापतो, वाचक शाळेतल्या सवयीने १.६०९ ने गुणतो आणि मुंबई एकदम ४३९ किलोमीटरवर येते. मुंबई जवळ आली तर कुणाला नको आहे? पण विमानाला ते मान्य नसते.

कोष्टकातला आकडा ताळून पाहायला संकेतस्थळांची गरज नाही. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व, मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशांतला फरक ३.६३ अंश, त्याला १११.२ ने गुणले की उत्तर-दक्षिण अंतर ४०४ किलोमीटर मिळते. रेखांशांतला फरक २.९३ अंश, त्यालाही १११.२ ने गुणायचे, पण वर दोन्हींच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे २०.९ अंशांच्या ०.९३४ ने, गुणायचे. हा गुणाकार विसरणे ही नेहमीची चूक. रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे एक अंश रेखांश १११ नव्हे, तर १०४ किलोमीटरच्या आसपास भरतो. पूर्व-पश्चिम अंतर ३०४ येते. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचे वर्गमूळ काढले की ५०५.६. इतक्या जवळच्या विमानतळांना ही रीत पुरते; पृथ्वी पुरती गोल नसल्याने एक-दोन किलोमीटरचा फरक राहतो, तो सोडून द्यावा.

याच रीतीने पुणे काढून पाहावे. लोहगावचे अक्षांश-रेखांश १८.५८ आणि ७३.९२. उत्तर येते ५०० किलोमीटर. म्हणजे इंदूरहून मुंबई आणि पुणे हवेतून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, पुणे उलट सहा किलोमीटर अलीकडेच. रेल्वेने जाणाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांच्या डोक्यात आधी मुंबई आणि मग घाट असतो. नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबईची रेषा खलघाटच्या किंचित पश्चिमेला नर्मदा ओलांडते, साक्रीवरून जाते आणि त्र्यंबकेश्वराच्या माथ्यावरून मुंबईत उतरते. पुण्याची रेषा महेश्वर, अमळनेर, शिर्डी अशी जाते. तीर्थयात्रेला निघालेल्यांनी हेवा करावा अशा दोन्ही रेषा. विमाने मात्र अगदी या रेषांवरून उडत नाहीत. ती ठरलेल्या हवाई मार्गांवरून आणि ठरलेल्या बिंदूंवरून जातात, आधी धावपट्टीच्या दिशेने उडतात आणि शेवटी पुन्हा धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी वळतात. ५०६ चे प्रत्यक्षात ५३० ते ५६० किलोमीटर होणे अगदी रोजचे आहे.

आता वेळ. सर्रास केला जाणारा हिशेब असा: जेट विमान ताशी ८३० किलोमीटर जाते, अंतर ५०६, म्हणजे ३७ मिनिटे. मग तिकिटावर एक तास वीस मिनिटे पाहून लोक विमान कंपनीला नावे ठेवतात. पण ८३० हा वेग विमान वर पोचून सपाट उडते तेव्हाचा. एअरबस ए३२० ला इंदूरहून ३०,००० फुटांवर जायला १८ ते २० मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ते १८० ते २०० किलोमीटर पुढे गेलेले असते. उतरण्यासाठी वैमानिकांचा साधा ठोकताळा आहे: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३०,००० फुटांना ९० नॉटिकल मैल, शिवाय वेग कमी करायला आणखी आठ-दहा. किलोमीटरमध्ये साधारण १८०. त्यामुळे मुंबईच्या वाटेवर कळवणच्या आसपासच इंजिनांचा आवाज मंदावतो आणि प्रवाशांना वाटते की काहीतरी बिघडले. चढ आणि उतार वजा जाता सपाट उडायला सव्वाशे-दीडशे किलोमीटर उरतात. ते दहा मिनिटांत संपतात. चहाची गाडी शेवटच्या रांगेपर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर या दहा मिनिटांत आहे.

त्यात भर म्हणजे १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा. हवेतली एकूण वेळ त्यामुळे ५२ ते ५८ मिनिटे होते. अंतर कमी तितका सरासरी वेग कमी, कारण चढ-उताराची किंमत दिल्लीला जाताना लागते तेवढीच मुंबईला जातानाही लागते. इंदूर–दिल्ली ६६३ किलोमीटर आहे. मुंबईहून दीडशेपेक्षा जास्त किलोमीटर लांब असूनही हवेत फक्त दहा-बारा मिनिटे जादा जातात. तिकिटावरच्या वेळेचा घरी हिशेब करायचा तर जेट विमानासाठी अंतराला ८०० ने भागून अर्धा तास मिळवावा. मुंबई किंवा दिल्ली असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटे धरावीत, पुणे-नागपूरला पाच पुरतात.

तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. इंदूरला चाकांखालचे चोक, म्हणजे अडसर, काढून विमान जागेवरून हलते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि मुंबईला ठरलेल्या जागी थांबून पुन्हा चोक लागतात तेव्हा बंद होते. म्हणजे इंदूरला मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे आणि धावपट्टीपर्यंत जाणे यांची आठ ते बारा मिनिटे त्यात आली. मुंबईत उतरल्यावर जागेपर्यंत पोचण्याची आठ ते पंधरा आली. आणि वर कंपनीने राखून ठेवलेली जादा वेळ आली. ही जादा वेळ अंदाजपंचे नसते. मागच्या हंगामांत त्याच वेळेच्या उड्डाणांना प्रत्यक्ष किती मिनिटे लागली याच्या नोंदी काढून, बहुतेक उड्डाणे वेळेत बसतील असा आकडा धरला जातो. ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असलेले उड्डाण ‘वेळेवर’ मोजले जाते, त्यामुळे कंपन्यांना थोडी सैल वेळ सोयीची पडते. इंदूरहून दहा मिनिटे उशिरा निघालेले विमान मुंबईला वेळेवर पोचते तेव्हा वैमानिकाने जोरात हाणलेले नसते. ती दहा मिनिटे वेळापत्रकात आधीच पेरलेली होती.

मुंबईला ही पेरणी सर्वांत जास्त लागते. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. सगळा भार ०९/२७ या साडेतीन किलोमीटरच्या मुख्य पट्टीवर. गर्दीच्या तासात तिथे ४६ विमाने चढ-उतार करत, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. २०२४ च्या सुरुवातीला ही संख्या ४४ वर आणण्याचे ठरले, कारण हवेत घिरट्या घालणाऱ्या विमानांची रांग लांबत होती. एक घिरटी म्हणजे दोन वळणे आणि दोन सरळ बाजू, प्रत्येकाला एक मिनिट. एकूण चार मिनिटे. उंचावर असाल तर पाच. ‘आपण थोड्याच वेळात उतरू’ अशी घोषणा झाल्यावर खिडकीतून तीच खाडी पुन्हा दिसली, तर चार मिनिटे गेली असे समजावे. तिसऱ्यांदा दिसली तर आठ. या घिरट्यांत ए३२० ताशी दोन-अडीच टन इंधन जाळते, म्हणून अलीकडे रांग हवेत लावण्याऐवजी जमिनीवर लावतात. इंदूरला दारे बंद झाली, पट्टे बांधले, आणि विमान तिथेच उभे: मुंबईने सुटायची वेळ दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रवाशांना हे जास्त जाचते, पण डोक्यावर ३५ अंशांचे ऊन असतानाही जमिनीवर थांबणेच शहाणपणाचे आहे.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक प्रकार होतो. शेवटच्या क्षणी धावपट्टी दिसली नाही, किंवा वाऱ्याचा झोत आडवा आला, किंवा पुढचे विमान पट्टीवरून वेळेत बाजूला झाले नाही, तर वैमानिक उतरणे सोडून पुन्हा वर जातो. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण पुन्हा रांगेत शिरून परत यायला १२ ते १५ मिनिटे जातात. दोनदा जमले नाही तर विमान दुसरीकडे वळवले जाते. प्रत्येक विमानात पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यानंतर आणखी ३० मिनिटांचे इंधन राखून ठेवलेले असते. ते मुंबईवर घिरट्या घालायला वापरता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीसाठी मे महिन्यात एक दिवस मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एक दिवस. तारीख आधी जाहीर होते. त्या दिवशी संध्याकाळच्या विमानाने जाऊन रात्रीचे लग्न गाठण्याचा बेत करू नये.

पुण्याची अडचण वेगळी. लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे, नागरी टर्मिनल त्याच्या कडेला आहे. धावपट्टी एकच, २,५३५ मीटरची, आणि तिच्यावर पहिला हक्क लढाऊ विमानांचा. त्यांचा सराव सुरू असेल तर नागरी विमान थांबते, आणि ते योग्यच आहे. २०२४ पासून वापरात आलेल्या नव्या टर्मिनलमुळे आतली दाटी कमी झाली. धावपट्टी मात्र तीच आहे, त्यामुळे हवेतल्या वेळेत त्याने काही फरक पडत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच, इंदूर ५६४. म्हणजे पुण्याला विमानाचा उतार मुंबईपेक्षा लहान, दहा-अकरा किलोमीटरने. एकंदरीत पुण्याचे उड्डाण मुंबईपेक्षा पाच-दहा मिनिटांनी कमी वेळेचे दाखवलेले असते, ते सहा किलोमीटरमुळे नव्हे.

नागपूर ३८१ किलोमीटर. इथे विमानाचा प्रकार पाहणे महत्त्वाचे, आणि कोष्टकांत तोच कधी दिलेला नसतो. तिकिटावर ‘एटीआर’ किंवा ‘एटी७’ असेल तर ते पंख्याचे विमान आहे; ताशी ५०० किलोमीटर, १७ ते २० हजार फूट. ‘३२०’ किंवा ‘३२१’ असेल तर जेट. ८३० विरुद्ध ५०० पाहून वाटते की दुप्पट वेळ लागेल. तसे होत नाही, कारण लहान अंतरात जेटला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नाही. एटीआरसाठी अंतराला ५०० ने भागून २० ते २५ मिनिटे मिळवली की झाले: नागपूरला एक तास दहा मिनिटे. जेटला एक तास. दहा मिनिटांसाठी जास्त भाडे द्यायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र मुंबईसाठी फरक पंधरा मिनिटांवर जातो, आणि पावसाळ्यात एटीआर ढगांच्या वर जाऊ शकत नसल्याने हेलकावे जास्त बसतात. ज्यांना विमान लागते त्यांनी त्या दिवसांत जेट पाहूनच तिकीट काढावे.

वाऱ्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेकडून जोराचा वारा असतो हे खरे. मुंबई इंदूरच्या नैर्ऋत्येला, म्हणून जाताना तो तिरका समोरून येतो आणि परतताना पाठीशी. पण दहा मिनिटांच्या सपाट उड्डाणात तो किती बिघडवणार? संपूर्ण प्रवासात दोन-तीन मिनिटे. लांबच्या पल्ल्यावर मात्र वारा हिशेबात घ्यावाच लागतो. शारजा इंदूरहून सुमारे २,०८० किलोमीटर आहे आणि दिशा जवळजवळ सरळ पश्चिमेची. तिकडे जाताना आणि येताना अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. तिथे आणखी एक घोळ होतो. तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात आणि तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे असते. नुसती वजाबाकी केली तर जाताना प्रवास दीड तासाने लहान दिसतो आणि येताना दीड तासाने मोठा.

वैमानिक उंची जाहीर करतात ती नीट ऐकली तर एक गोष्ट लक्षात येईल. मुंबई-पुण्याकडे जाताना ती २८, ३० किंवा ३२ हजार असते. परतताना २९, ३१ किंवा ३३. पश्चिमेकडच्या अर्ध्या दिशांना सम आणि पूर्वेकडच्या अर्ध्या दिशांना विषम, असा नियमच आहे. समोरासमोरच्या विमानांत त्यामुळे हजार फुटांचे अंतर राहते.

उन्हाळ्यात इंदूरला ४२ अंश तापमान असते तेव्हा हवा इतकी विरळ होते की १,८५० फुटांवरची आपली धावपट्टी विमानाला साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखी वागवते. धाव लांबते, चढाई मंदावते. मुंबईसारख्या जवळच्या पल्ल्याला इंधन कमी लागते म्हणून वजन घटवण्याची वेळ सहसा येत नाही, पण दोन मिनिटे जातात. जानेवारीत धुके. कॅट-१ या प्राथमिक दर्जाच्या, विमान उतरवायला मदत करणाऱ्या यंत्रणेवर उतरायला धावपट्टीवर किमान ५५० मीटर दिसावे लागते. उड्डाण त्याहून कमी दिसत असतानाही होऊ शकते. म्हणून इंदूरला उभे असलेले विमान सुटते आणि दिल्लीहून येणारे उतरू शकत नाही, हे एकाच सकाळी घडते आणि प्रवासी ‘त्यांना सोडले, आम्हाला का नाही’ म्हणून भांडतात. सकाळी सहाचे विमान निवडायचे असेल तर ते रात्री इंदूरलाच मुक्कामाला असते की दुसरीकडून येते, एवढे पाहून घ्यावे.

यासाठी विमानांचा माग दाखवणारी ॲप्स उपयोगी आहेत, पण ती वाचताना एक फसगत होते. ‘ठरलेली वेळ’ म्हणून ते जी दाखवतात ती जागेवरून हलण्याची, आणि ‘प्रत्यक्ष वेळ’ म्हणून दाखवतात ती बहुधा जमीन सोडण्याची. म्हणून अगदी वेळेवर निघालेले विमानही दहा-बारा मिनिटे उशिरा गेलेले दिसते. खरे पाहायचे ते आपल्या विमानाचे आधीचे उड्डाण. उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत ए३२० ला किमान २५ ते ३० मिनिटे लागतात: माणसे उतरणे, सामान, इंधन, सफाई, माणसे चढणे. आपले विमान पाचला सुटायचे आणि तेच विमान पावणेपाचला इंदूरला टेकणार असेल, तर फलकावर काहीही लिहिलेले असो, सव्वापाचच्या आधी ते हलत नाही.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब तर कुणीच छापत नाही. राजेंद्रनगर किंवा रामबागेतून निघून दादरला पोचायचे म्हटले, तर विमानतळापर्यंत अर्धा-पाऊण तास. चेक-इन काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते आणि गेट २५ मिनिटे आधी, म्हणून दीड तास आधी पोचणे. ब्लॉक टाइम एक तास वीस. सामान हाती येईपर्यंत पंचवीस-तीस मिनिटे. पुढे दादरपर्यंत पाऊण ते सव्वा तास. बेरीज पाच तासांच्या आसपास. त्यात प्रत्यक्ष हवेत जेमतेम एक तास. रस्त्याने दहा-अकरा तास, अवंतिकेने एक रात्र. नागपूरला हीच बेरीज चार-साडेचार तासांची होते आणि वंदे भारत आठ-साडेआठ तासांत नेते. स्टेशन गावात असल्याचा फायदा धरला तर फरक आणखी कमी.

मुंबईचे तिकीट काढताना आता तीन गोष्टी पाहाव्या लागतात. टर्मिनल १ सांताक्रूझकडे, टर्मिनल २ अंधेरी-सहारकडे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ उलव्याला. इंदूरपासून तिन्ही ५०० ते ५०६ किलोमीटरच्या आत. हवेत फरक शून्य, जमिनीवर मात्र दोन-दोन तासांचा. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. पनवेल, बेलापूर, अलिबागकडे जाणाऱ्यांना दुसरा सोयीचा; बोरिवलीकरांना अजिबात नाही. जुन्या विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपाशी मेट्रो ३ चे थांबे आहेत. हातात एकच बॅग असेल तर टॅक्सीच्या रांगेपेक्षा ते बरे.

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठी एवढेच: इंदूर–मुंबई आणि मुंबई–परदेश ही तिकिटे वेगवेगळ्या पीएनआरवर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. सामानही मुंबईला उतरवून पुन्हा द्यावे लागते. मध्ये किमान चार तास ठेवावेत, टर्मिनल बदलायचे असेल तर पाच, आणि विमानतळच बदलायचा असेल तर ते तिकीट घेऊच नये. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर दोन-अडीच तासांचीही जोडणी चालते, कारण चुकली तर पुढची सोय कंपनीला करावी लागते.

ब्लॉक टाइमला पैशाचीही बाजू आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार कंपनीने वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले, तर भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांवर १०,०००, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून होणारी रक्कम, यांतले जे कमी ते. नागपूरचे विमान एक तासाचे दाखवले आहे की एक तास पाच मिनिटांचे, यावर अडीच हजार रुपये अवलंबून असू शकतात. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे (एटीसी) रद्द झाले असेल तर ही भरपाई मिळत नाही; मात्र पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा मागता येतो. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला, म्हणजे इंदूरहून मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली या सगळ्यांना, दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर विमानतळावर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. काउंटरवर जाऊन मागावी लागते, आपणहून क्वचितच मिळते.

तेव्हा विनंती अशी. कोष्टक वर्षातून दोनदा छापावे: मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, कारण त्या दिवसांपासून विमानांचे उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक बदलते. मधल्या काळात जुनेच कोष्टक पुन्हा छापल्याने लोकांची विमाने चुकतात. प्रत्येक उड्डाणापुढे सुटण्याची आणि पोचण्याची वेळ, ब्लॉक टाइम, विमान जेट की एटीआर, आणि मुंबईसाठी टर्मिनल किंवा विमानतळ, एवढे रकाने असावेत. ‘प्रवासाचा वेग’ हा रकाना काढून टाकावा. त्याचा कुणालाच उपयोग नाही. अंतर एकदाच, वरच्या ओळीत, किलोमीटरमध्ये आणि ‘विमानतळ ते विमानतळ, सरळ रेषेत’ असे स्पष्ट लिहून द्यावे: मुंबई ५०६, पुणे ५००, नागपूर ३८१, दिल्ली ६६३.

आपला,
एक वाचक
राजेंद्रनगर, इंदूर